एर्मेकचे तळहात

"पानाची की हाताची?" सिरिंजमधली हवा काढता काढता सायराकाननं विचारलं.

"पानाची, एजे. आठवड्यात दोनदाच. शनिवारी आणि काल," एर्मेक खाटेवर पालथा पडून म्हणाला.

"एकटाच होतास?"

"नाही हो. आपा समोर बसून लोकर विंचरत होती. आणि शिव्या देत होती."

"बरं करत होती तुझी आई. मंडळी काय म्हणतायत?"

मंडळी म्हणजे एर्मेकच्या डोक्यात बोलणारे आवाज. तेहतीस वर्षांच्या या धिप्पाड माणसाच्या डोक्यात ते गेली बारा वर्षं मुक्कामाला होते. त्यांना हे नावही त्यानंच दिलं होतं. शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा इतपतच बोलतात, असं तो म्हणाला, तेव्हा सायराकाननं सुई टोचली आणि महिन्याचं काम झालं.

सारीदोबो गावच्या दवाखान्यात सायराकान एकतीस वर्षं नर्स होती. डॉक्टर जिल्ह्याच्या गावाला, त्यामुळे बाळंतपणापासून घोड्याच्या लाथेपर्यंत सगळं तिच्याच पदरात. सगळं गाव तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचं आणि थोरल्या बहिणीसारखंच तिच्या माघारी तिला नावंही ठेवायचं. "आमची एजे वेड्याला भांग ओढायची परवानगी देते," हे त्यातलं सगळ्यात आवडतं.

परवानगी कसली देणार ती? इसिक-कुल सरोवराच्या या काठाला रानभांग कुणी लावत नाही, ती येतेच. कुंपणाला, कालव्याला, स्मशानाच्या भिंतीला. सुरुवातीची सहा वर्षं सायराकाननं एर्मेकला शिव्याच घातल्या होत्या. परिणाम एवढाच झाला, की तो खोटं बोलायला शिकला आणि पुढे लाजेनं इंजेक्शनलाही येईनासा झाला. एका जानेवारीत मंडळींनी बोलावलं म्हणून तो बुटांसकट सरोवरात छातीएवढ्या पाण्यात चालत गेला. कोळ्यांनी ओढून काढला. चार महिने इस्पितळात काढून परत आला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की पुन्हा असं झालं तर डोंगरापलीकडच्या कायमच्या आश्रमात पाठवावं लागेल. त्या आश्रमातून परत आलेला माणूस गावात कुणी पाहिला नव्हता.

तेव्हापासून सायराकाननं शिव्या बंद केल्या आणि ती विचारायला लागली. तुझ्या दुखण्यात भांग म्हणजे विस्तवाशी खेळ, अजिबात सोडलीस तर सगळ्यात बरं, हे ती दर महिन्याला पहिल्यांदा सांगायची. मग म्हणायची, नाही सुटत, तर निदान रोज नको, एकट्यानं नको, वोडकाबरोबर तर नकोच. झोप उडाली किंवा मंडळी मोठ्यानं बोलायला लागली, की त्या दिवशी शिवायचं नाही, सरळ इकडे यायचं. इंजेक्शन चुकवायचं नाही. आणि काही झालं तरी हाताची नको. हाताची म्हणजे ऑगस्टमध्ये भांगेचे तुरे चोळले की तळहाताला चिकटतो तो काळा चरस. पानाच्या कितीतरी पट जहाल. त्या जानेवारीआधी एर्मेक तोच ओढत होता. पूर्वी रोजचं असलेलं व्यसन आता आठवड्याला दोनदावर आलं होतं. आणि तो खरं सांगत होता, याचा सायराकानला भारी अभिमान होता.

त्याच आठवड्यात गावात भांग उपटायची मोहीम निघाली. दर ऑगस्टला वरून हुकूम येतो आणि घरटी एक माणूस कालव्याकाठच्या रानात उतरतो. यादी करणारा तुर्दुबेक गावच्या कचेरीतला माणूस; गाव त्याला बाय्के, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचं. त्यानं या वर्षी कुलुमकानच्या घरापुढे तिच्या लेकाचं, एर्मेकचं नाव लिहिलं. ज्या झाडानं त्याचं वाटोळं केलं ते त्यानं स्वतःच्या हातानं उपटावं, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल, असा त्याचा हिशेब होता. म्हातारी कुलुमकान आपा यादी पाहून रडलीच. बारा वर्षांत तिच्या लेकाला गावानं पहिल्यांदा गड्यांत धरलं होतं. तिनं कणकेच्या तळलेल्या बोर्सोकांची थाळी दवाखान्यात आणून दिली, आणि सायराकाननंही आनंदानं चार तोंडात टाकले. तिच्याही मनात दुसरं काही आलं नाही.

आलं ते गुरुवारी दुपारी. जेवणाच्या सुट्टीआधी रानातला एक गडी बोट कापलं म्हणून आला. पट्टी बांधायला सायराकाननं त्याचा हात उलटा केला. तळहात काळाकुट्ट आणि चिकट झाला होता. हातमोजे घालून रानात जाणारा माणूस सारीदोबोत अजून जन्मायचा होता. सकाळपासून साठ माणसं उघड्या हातांनी तुऱ्यावर आलेली भांग उपटत होती, आणि त्या साठांत एर्मेक होता. हातावर चरसाची गोळी, तीही सरकारी हुकमानं.

पट्टी कशीबशी गुंडाळून, दवाखान्याला कुलूप लावून ती रानाकडे धावली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरत होते.

"तुझा लाडका सुट्टी होताच पळाला," तुर्दुबेक म्हणाला. "दीड ओळ टाकून गेला. सांगितलं होतं ना, कामाचा नाही तो."

"कुठल्या बाजूला गेला?"

"मी काय त्याच्या मागे फिरू?"

घरी तो नव्हता. कुलुमकान आपाच्या चेहऱ्याचा रंगच उडाला, पण सायराकाननं तिला हात धरून बसवलं आणि एकटीच काठाकडे गेली. ऊन मी म्हणत होतं, पाणी स्वच्छ निळं होतं, आणि ती वेड्यासारखी त्या पाण्यात एक डोकं शोधत होती. आपणच याला ढकलला, आपण बोर्सोक खात बसलो, एवढंच तिच्या मनात फिरत होतं. काठ दोनदा पालथा घातला. शेवटी जिल्ह्याला फोन करायचा म्हणून ती दवाखान्याकडे परतली.

एर्मेक दवाखान्याच्या पायरीवर बसला होता.

दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, बोटं फाकलेली. नाकावर माशी बसली होती तरी त्यानं हाकलली नव्हती. ओठ कोरडे पडले होते. नळ चार पावलांवर होता, पण नळ फिरवायला हात लागतो.

"किती वेळ बसलायस?" तिनं विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीपासून. मागच्या वाटेनं आलो, तर कुलूप होतं," तो म्हणाला. "एजे, मंडळी आज फार ओरडतायत. चोळ म्हणतात, चोळ आणि ओढ. मी म्हटलं, थांबा. आधी एजेला विचारतो."

सायराकान त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि रडली. लपवलं नाही तिनं. मग उठून आधी भांडं त्याच्या तोंडाला लावून पाणी पाजलं, हा चीक पाण्यानं निघत नाही म्हणून दुपारच्या पावासाठी आणलेलं लोणी काढलं, आणि त्याच्या एकेका बोटाला चोळून, कापसानं पुसून, पुन्हा चोळून तो काळा थर उतरवला. बोळे संडासात टाकून आली.

"चूक माझी झाली, एर्मेक. यादीत नाव आलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं."

"नाव आलं ते बरं झालं," तो म्हणाला. "दीड ओळ राहिलीय माझी."

तिनं त्याला घरी जाऊन झोपायला सांगितलं. तो मान हलवेना. मंडळी आता हळू झालीत का, हे तिनं दोनदा विचारलं. थोडी झालीत, तुम्ही बरोबर आलात तर आणखी होतील, असं तो म्हणाला. इतकी वर्षं तिनं त्याच्याकडे खरं बोलणंच मागितलं होतं; आता तो खरं सांगत असताना ऐकायचं नाही, हे तिला जमेना. तिनं कपाटातले बाळंतपणाचे पांढरे रबरी मोजे काढले. लोण्यामुळे ते त्याच्या राकट हातांवर सर्रकन चढले. एक जोडी तिनं स्वतः घातली.

रानात हशा पिकला. कुणी विचारलं, कुणाची गाय वितेय. कुणी एर्मेकला डॉक्टरसाहेब म्हणून सलाम ठोकला. एर्मेक ओळीच्या टोकाशी गेला, वाकला आणि उपटायला लागला. शेजारच्या ओळीत सायराकान. थोड्या वेळानं कुलुमकान आपा काठी टेकत आली आणि बांधावर लेकाकडे तोंड करून बसली. गडी हळूहळू हसायचे थांबले. त्यांनाही आपापल्या ओळी होत्या.

ऊन उतरल्यावर तुर्दुबेक बांधावर चढला आणि एकेक घर पुकारायला लागला. ज्याच्या घराचं नाव येई तो हात वर करी, आणि वर येणारा प्रत्येक हात काळा होता.

"कुलुमकानचं घर," तुर्दुबेकनं पुकारलं आणि जरा थांबला. "ओळ पुरी?"

"पुरी, तुर्दुबेक बाय्के," एर्मेक म्हणाला, आणि अंगठ्यापाशी फाटलेला पांढरा मोजा घातलेला हात त्यानं सगळ्यांच्या वर धरला.