फेरविचार

"आम्ही याला घासाघीस म्हणत नाही, मिस्टर यॉस्ट," कॉलेजच्या शिष्यवृत्ती कचेरीतल्या मिसेस प्रुइट गोड हसून म्हणाल्या. "आम्ही याला फेरविचार म्हणतो."

"म्हणा की," डेल यॉस्ट म्हणाला आणि त्याने दुसऱ्या कॉलेजाचं पत्र टेबलावरून पुढे सरकवलं.

ओहायोतल्या एका लहान गावात डेल बावीस वर्षं गाद्या विकत होता. पत्रातलं कॉलेज त्याच्या घरापासून वीस मिनिटांवर होतं आणि त्याच्या मुलीला, ब्रिनला, वर्षाला आठ हजार डॉलर जास्त शिष्यवृत्ती देत होतं. हे कॉलेज व्हरमाँटमध्ये, गाडीने बारा तासांवर; आणि ब्रिनला हेच हवं होतं. इथल्यांनी तेवढीच शिष्यवृत्ती दिली तर इथे, नाहीतर घराजवळ, असं बापलेकीत ठरलं होतं. घरात माणसं दोनच असल्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. एक गोष्ट मात्र त्यात नोंदली गेली नव्हती. समोरच्याने भाव अजिबात सोडू नये, असं डेलला जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं.

"जीवशास्त्र घेणार का गं?" मिसेस प्रुइटनी विचारलं.

"हो! तुमचं मागचं तळं आहे ना, त्यातल्या बेडकांवर..."

डेलने टेबलाखालून तिला पाय मारला. गिऱ्हाइकाने मालाचं कौतुक करायचं नसतं.

"मला डायरेक्टरसाहेबांना विचारून यावं लागेल," असं म्हणून मिसेस प्रुइट मागच्या दाराने आत गेल्या.

"डॅड, हो म्हणतील ते?"

"कोण ते? आत कुणी नसतं."

"म्हणजे?"

"मी नाही का 'मॅनेजरला विचारून येतो' म्हणत? आमचा मॅनेजर म्हणजे उशांची खोली. नव्वदपर्यंत आकडे मोजायचे, चेहरा पाडायचा, बाहेर यायचं."

मिसेस प्रुइट चेहरा पाडून बाहेर आल्या. ब्रिनला एकदम खोकला आला.

"फार ताणलं त्यांनी तुमच्यासाठी. पाच हजार. याच्यापुढे खरंच जागा नाही."

खोकला थांबला. "ठीक आहे डॅड," ब्रिन म्हणाली. "आपल्या इथलं कॉलेजही चांगलंच आहे." आणि मांडीवरचं माहितीपत्रक ती घडीवर घडी घालून लहान करू लागली.

डेलला हवं होतं ते आयतं पदरात पडलं होतं. आभार मानायचे आणि घरी जायचं, एवढंच काम उरलं होतं. त्याने ब्रिनच्या हातातल्या घडीकडे पाहिलं. ती आता काड्यापेटीएवढी झाली होती.

तो उठला. पत्र खिशात घातलं. "चल, ब्रिन."

दुकानातून निघून जाणारी माणसं त्याने बावीस वर्षं पाहिली होती. खरोखर जाणारा भराभरा जातो. ज्याच्यासाठी भाव खाली आणावा लागतो, तो दाराची मूठ धरून हवापाण्याचं बोलतो.

डेलने मूठ धरली. "वाटेत पाऊस लागेल बहुतेक."

ब्रिन काही बोलणार तेवढ्यात त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबा जरा," मिसेस प्रुइट म्हणाल्या. या खेपेला त्यांनी तीसपर्यंतही मोजलं नसावं. "आठ."

ब्रिनने टेबलावरून वाकून त्यांना मिठी मारली. तिच्या खांद्यावरून त्यांनी डेलला विचारलं, "काय विकता?"

"गाद्या. आणि तुम्ही, इथे यायच्या आधी?"

"गाड्या," मिसेस प्रुइट म्हणाल्या आणि सहीसाठी कागद काढले.

सह्या झाल्यावर त्यांना वसतिगृहातली एक नमुन्याची खोली दाखवण्यात आली. ब्रिन खिडकीशी धावली. डेलने सवयीने गादीवर मूठ दाबली. मूठ थेट फळीला लागली. कडेला हात फिरवला, तर शिवण उसवलेली.

"कशी आहे, डॅड?" ब्रिनने खिडकीशी उभ्या उभ्याच विचारलं. "आवडेल ना मला इथे?"

डेलने चादर नीट ओढून कडा आत खोचल्या.

"फर्स्टक्लास," तो म्हणाला. "चार वर्षं बघायला नको." इतकी भिकार गादी त्याने आजवर कुणाच्याच गळ्यात मारली नव्हती.