विकून उरलेली पेन्शन

मोतीलालचा अंगठा चौथ्यांदाही यंत्रावर उमटला नाही. बायाबाईनं नवऱ्याचा हात आपल्याकडे ओढला, पदरानं अंगठा खसाखसा पुसला आणि पुन्हा काचेवर दाबून धरला.

"जरा जोरानं दाबा ना जी. जित्या माणसाचा अंगठा असा राहते का?"

यंत्राचा दिवा लालच राहिला. टेबलापलीकडे बसलेल्या रक्षाला हसू आवरेना. ती या पेन्शनच्या ऑफिसात नवीन होती, आणि अजून म्हाताऱ्यांवर खेकसायला शिकली नव्हती.

"राहू द्या आजी. मी कागदावर भरून घेते. आजोबा समोरच बसले आहेत ना."

दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असं सरकारला सांगावं लागतं, तरच पुढची पेन्शन येते. गावाजवळच्या बँकेत अंगठा लागला नाही म्हणून दोघं पहाटेच एकोडीहून निघून, दोन गाड्या बदलून, भंडाऱ्याला आली होती. मोतीलालला इथे बसायला खुर्ची तरी मिळाली होती. बायाबाई उभी होती. बसली की उठताना गुडघे बोंबलत, त्यापेक्षा उभं राहिलेलं बरं.

गुडघ्यांचं दुखणं जुनंच, पण मागच्या महिन्यात डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं: मासळीचं टोपलं डोक्यावर घेणं आणि दिवसभर बाजारात जमिनीवर बसणं बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी चालणं बंद होईल. बायाबाईनं मान डोलावली आणि पुढच्याच बाजाराला टोपलं उचललं. न उचलून करते काय?

कारण मोतीलालनं पेन्शन विकली होती. पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदारी करून तो अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाला, तेव्हा पेन्शनचा काही भाग सरकारला कायद्यानं विकून एकरकमी पैसा उचलला. मुलीचं, ज्योत्स्नाचं, नर्सिंग त्यातून झालं. पोरगी नोकरीला लागली, लग्न होऊन आपल्या घरी गेली. त्याबद्दल बायाबाईची तक्रार नव्हती. पण विकणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. त्यांच्या मोहल्ल्यात कोणी तलावातला आपला हिस्सा विकला, की तो मेल्यावर त्याच्या बायकोला तिथे जाळं टाकू देत नसत. नवऱ्यानं विकलं म्हणजे बायकोचंही गेलं. पेन्शनचं वेगळं कसं असेल? बुढा आहे तोवर उरलेली पेन्शन, बुढा गेला की हात रिकामे, असं तिनं त्या दिवशीच मनाशी ठरवून टाकलं.

तेव्हापासून तिनं दोन गोष्टी सोडल्या नाहीत. साकोलीचा बाजार, कारण म्हातारपणाची बेगमी करायची होती. आणि मोतीलालचा जीव. रहू माशाचं मुंडकं, सगळ्यात चवीचा तुकडा, त्याच्या ताटात, अंडं त्याला, दूध त्याला. बिडी तर तिनं चुलीत घातली. रोज सकाळी तलावावर जाण्याआधी ती त्याच्या नाकाखाली हात धरून श्वास चालतो का ते बघे, आणि मगच टोपलं उचले.

रक्षानं हयातीच्या दाखल्यावर मोतीलालची सही घेतली. तो उठू लागला, पण बायाबाई जागची हलली नाही.

"बाई, एक विचारू का? यायच्या मागं मले काईच भेटणार नाई ना?"

"म्हणजे?"

"यायनं पेन्शन विकली आहे. म्हून विचारलं. म्हंजे बाजार करा लागते का नाई, ते समजून जाते."

रक्षानं फाईल उघडली. "अहो आजी, विकलेला भाग त्यांच्या पेन्शनमधून कापतात. त्यांच्या मागे तुम्हाला मिळणाऱ्या फॅमिली पेन्शनला त्याचा काही धक्का लागत नाही. ती त्यांच्या शेवटच्या पगारावर ठरते. हे बघा, तुमचं नाव आहे, दोघांचा फोटोसुद्धा आहे."

फोटोत बायाबाईचे केस काळे होते.

"आजोबांना माहीत असेल की. विकताना सगळं समजावून सांगतात."

बायाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. मोतीलाल अंगठा पुसत होता. त्याला तर शाईही लागली नव्हती.

दोघं बसस्टँडवर आली. बाकावर टेकताना गुडघ्यातून कळ गेली, तेव्हा तिचा बांध फुटला.

"तुमाले मालूम होतं?"

"हो."

"अकरा वर्सं! बाप्पा, अकरा वर्सं मी टोपलं वाहून राहिली. काहून नाई सांगतलं?"

मोतीलाल समोरच्या गाडीची पाटी वाचत बसला. ती गाडी त्यांची नव्हती.

"सायबानं सांगतलं त्याच दिवशी सांगणार होतो. घरी आलो तं तुनं ताटात मुंडकं वाढलं. लगन झाल्यापासून पयल्यांदा. मंग सकाळी श्वास पाह्यला तुनं. वाटलं, हिले समजलं तं हे बंद होऊन जाईन."

"अन् माझे गुडघे?"

त्यानं तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. बायाबाईला संताप आला, रडूही आलं, आणि या दोन्हींपेक्षा जास्त थकवा आला. त्याला दुपारी एकची गोळी द्यायची वेळ झाली होती. तिनं पिशवीतून गोळी काढली, थोडा वेळ मुठीत धरून ठेवली, मग त्याच्या हातावर टेकवली. पाण्याची बाटली मात्र त्याला स्वतःच शोधावी लागली.

दुसऱ्या दिवशी साकोलीचा बाजार होता. मोतीलालला उजाडायच्या आधीच जाग आली. टोपलं भिंतीशी पालथं पडलेलं होतं. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, चहाचा वास आला, पण ती इकडे फिरकली नाही. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. तो डोळे मिटून पडून राहिला. बऱ्याच वेळानं पाय ओढत आल्याची चाहूल लागली, तसा त्यानं श्वास रोखून धरला.

नाकाखाली हात आला. मासळीचा वास असलेला, खरबरीत. हात तिथेच थांबला.

"श्वास सोडा जी," बायाबाई म्हणाली. "अन् उठा. तेलाची शिशी आना. आता रोज माझे गुडघे तुमी चोळून देसान."