डिकीतला आत्मा

गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढलं होतं. आत भरदुपारी अंधार, आणि त्या अंधारात दाटीवाटीने उभी असलेली माणसं एका पांढऱ्या गाडीकडे टक लावून बघत होती. गाडीत गाणं वाजत होतं. ढोलाचा ठोका पडला की पुढचे दिवे मिणमिणायचे, ठोका विरला की पुन्हा उजळायचे. धम्म, मंद. धम्म, मंद.

"अगंबाई, गाडी श्वास घेतेय!" मागून कुणी बाई पुटपुटली.

"गाडी नाही, माई. गाडीत बसलेला घेतोय," तेजोबाबा म्हणाले. पांढरा कोट, पांढरे बूट आणि मधात घोळवलेला आवाज. "ह्या गाडीचा पहिला मालक गेला. पण गेला कुठे? इथेच आहे! त्याच्या आत्म्याला अजून अर्थिंग मिळालेलं नाही."

लोकांनी हात जोडले. अर्थिंग म्हणजे काय हे निम्म्यांना माहीत नव्हतं. उरलेल्या निम्म्यांना माहीत होतं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग बाबांच्या चेल्याने गाणं बंद केलं आणि एक तांब्याची पेटी आणली. कडा लाखेने बंद केलेल्या, बाहेर दोन जाड तारा. पेटी डिकीत ठेवून त्याने तारा कशाला तरी जोडल्या आणि डिकी लावली. बाबांनी डोळे मिटून ओठ हलवले.

"लाव आता."

गाणं सुरू झालं. धम्म. दिवे जसेच्या तसे. धम्म. दिवे ढिम्म.

टाळ्यांनी पत्रे दणाणले. गाडीच्या मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मालक म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. म्हणून मलाही तिथे उभं राहून टाळ्या ऐकाव्या लागल्या.

दाजी मनाने सोन्यासारखा माणूस, पण गाण्याच्या बाबतीत त्यांचं ठाम मत असं, की ते कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकायचं असतं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंची गाडी त्यांनी विकत घेतली, ती बाईंचे यजमान वारल्यानंतर. बाईंचे यजमान त्या गाडीत फार तर बातम्या ऐकायचे. दाजींनी मागे ताटाएवढे स्पीकर बसवले आणि सीटखाली भलामोठा अ‍ॅम्प्लिफायर. बसवणारा म्हणाला होता, "साहेब, एवढ्या ताकदीला जाड वायर लागेल. जमलं तर वीज बनवणारा अल्टरनेटरही मोठा घ्या."

"वायर कुणाला दिसते?" दाजी म्हणाले होते. स्पीकर दिसतात. विषय संपला.

त्यानंतर दिवे मिणमिणायला लागले. सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुरायची. आत कसलासा जळका वास यायचा. फ्यूज सारखा उडायला लागला, तेव्हा दाजींनी त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून घातला. अख्ख्या गाडीत खरं बोलणारा तो एकटा फ्यूज, त्यालाच गप्प करून टाकलं.

आणि मग कुणीतरी तेजोबाबांचं नाव सुचवलं.

बाबांच्या दारात रांग असते. रांगेत एक गोड बोलणारा चेला फिरतो. "काय हो, त्रास कुणाला? गाडी कुणाकडून घेतली? अरेरे, वारले का?" तुमचा नंबर लागेपर्यंत तुमचं सगळं घर बाबांच्या खिशात गेलेलं असतं. त्यामुळे दाजींनी पायरी चढताच बाबा कडाडले, "विधवेची गाडी घेतलीस!" आणि दाजी तिथल्या तिथे विरघळले.

बाबांचं निदान असं. मेलेला नवरा रागावलाय. त्याची आवडती गाडी बायकोने वर्षाच्या आत विकली. म्हणून तो ठोक्याठोक्याला निषेध नोंदवतो. पेटीने तो तात्पुरता शांत होईल, पण आठवडाभरात पेटीतलं तेज ओसरेल. मग पेटी बाबांकडे आणायची, ते रात्रभर 'तेज भरून' परत देणार. कायमचा उपाय एकच. त्या बाईने चारचौघांत येऊन नवऱ्याची माफी मागायची.

इथवर मी हसत होतो. पुढचं हसण्यासारखं नव्हतं.

बाईंशी लोक बोलेनासे झाले. भाजी घेताना शेजारची बाई सरकून उभी राहायची. "नवरा जाऊन वर्ष नाही झालं आणि गाडी विकून मोकळी," असं त्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हटलं जायचं. दोन-तीन पालकांनी मुली त्यांच्या वर्गातून काढा म्हणून तगादा लावला. मुख्याध्यापकांनी त्यांना 'थोडी विश्रांती' घ्यायला सुचवलं. पदवीधर माणूस, पण पालकांपुढे शेपूट घालण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

माझं झेरॉक्सचं दुकान त्या गॅरेजच्या समोरच आहे. एका सकाळी बाई प्रश्नपत्रिका घेऊन आल्या. विश्रांती वगैरे काही घेतलेली दिसत नव्हती. मी नजर चोरत प्रती काढायला लागलो.

"तुमच्या दाजींच्या गाडीत वास येतो म्हणे. कसला?" त्यांनी विचारलं.

"बाबा म्हणतात चितेचा. भाची म्हणते प्लास्टिक जळल्याचा."

बाईंचा हात काउंटरवर थबकला. "ती बसते कुठे?"

"मागे. सीटखाली ते यंत्र आहे ना, त्याच्यावरच. पाय गरम होतात म्हणते. थंडीत बरं वाटतं म्हणून खूश असते."

"तिला आजपासून त्या गाडीत बसवू नका," बाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याच्या आत्म्याचं नंतर बघू. आधी मुलगी."

मी तडक ताईकडे गेलो. ताईने सगळं ऐकून घेतलं, गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "ह्यांना मी सांभाळते. बाईंना म्हणावं, काय करायचं ते करा."

माफीचा कार्यक्रम रविवारी ठरला होता, आणि बाईंनी 'येते' म्हणून निरोपही धाडला होता. बाबांनी आदल्याच दिवशी पेटीत ताजं तेज भरून पाठवलं होतं. सकाळी दाजी अंघोळीला गेले, तेवढ्यात बाईंनी, ताईने आणि मी गाडीची डिकी उघडली.

दुपारी गॅरेज तुडुंब भरलं. बाई पुढे येऊन उभ्या राहिल्या तशी कुजबुज थांबली.

"मागा माफी, बाई," बाबा मधाळ आवाजात म्हणाले. "पतीपुढे लाज कसली?"

"मागते की. पण त्याआधी तुमच्या पेटीचा प्रभाव एकदा मला दाखवा. मी पाहिलेला नाही."

बाबा खुलले. गिऱ्हाईक स्वतःहून माल उलगडायला सांगतंय म्हटल्यावर कोण नाही खुलणार? त्यांनी बंद डिकीवर हात ठेवला. "पाहा! ह्या पेटीत बारा वर्षांच्या साधनेचं तेज आहे! आत्म्याच्या प्रत्येक ठोक्याला ही ठोका देते! लाव रे गाणं!"

धम्म. धम्म. दिवे लख्ख.

"जाणवतंय?" बाबांनी डोळे मिटले. "पेटी तापलीय. माझ्या तळहाताला कळतंय."

"आणि आत पेटी नसती तर?" बाईंनी विचारलं.

"तर आत्म्याने हे दिवे कधीच गिळले असते."

"नक्की ना?"

"माझा शब्द आहे."

"मग डिकी उघडा."

चेल्याने डिकी उघडली. आत पेटी नव्हती. आत माझ्या दुकानातली इन्व्हर्टरची बॅटरी होती, आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात रंगवलेलं होतं, 'झेरॉक्सवाल्याची आहे. हात लावू नये.'

आधी एक पोरगी फिस्सकन हसली. मग सगळं गॅरेज हसायला लागलं.

"पेटी पळवली! शक्तीचा अपमान!" बाबा ओरडले. "तेज उडून गेलं!"

"उडून गेलं तर एवढा वेळ दिवे कशाच्या जोरावर जळत होते?" ताई दारातून आत येत म्हणाली. तिच्या हातात ती तांब्याची पेटी होती. तिने ती बाकावर ठेवली आणि गॅरेजवाल्याच्या स्क्रूड्रायव्हरने लाख फोडली. आत गाडीत वापरतात तसलीच एक लहानशी बॅटरी निघाली, लेबल खरवडलेली.

"आता तेज रात्रभर कसं भरतात तेही ऐका," बाई म्हणाल्या. "भिंतीतल्या प्लगात चार्जर घालून."

मग त्यांनी वर्गात बोलतात तसं सांगितलं. ढोलाच्या ठोक्याला तो अ‍ॅम्प्लिफायर एकदम प्रचंड वीज ओढतो. गाडी तेवढी बनवू शकत नाही आणि बारीक वायर तेवढी वाहू शकत नाही. मग दिव्यांच्या वाट्याची वीज कमी पडते आणि ते मंदावतात. अ‍ॅम्प्लिफायरला आणखी एक बॅटरी जोडली की ठोक्यापुरती वीज ती देते. पण खर्च मिळकतीपेक्षा जास्त, त्यामुळे आठवड्यात तीही रिकामी. "घरात मिक्सर लावला की दिवा क्षणभर डोळा मिचकावतो ना? तेव्हा कुठल्या आजोबांची माफी मागता?"



"आणि हा चितेचा वास." बाईंनी मागचं दार उघडून सीटपाशी पाय ठेवतात तिथलं कार्पेट उचललं. खालची वायर तपकिरी पडली होती. तिचं आवरण वितळून कार्पेटला चिकटलं होतं आणि एके ठिकाणी आतली तांब्याची तार उघडी पडली होती. कार्पेटवर, बरोबर त्याच्या वर, भाचीच्या चपलांचे ठसे होते.

दाजी खाली वाकले. त्यांनी त्या तारेला बोट लावलं आणि तसेच बसून राहिले. बाबा आणि चेला शटरखालून कधी सटकले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी त्या क्षणी त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

"बाई," दाजी म्हणाले, "मी तुमच्याबद्दल काय काय बोललो..."

"ते राहू द्या. आधी बॅटरीची तार सोडवा. मग जाड वायर घाला, खरा फ्यूज बसवा, आणि अल्टरनेटर परवडत नसेल तर आवाज कमी करा."

दाजींनी आवाज कमी केला नाही, वायर मात्र बदलली. मुख्याध्यापकांना विश्रांतीचा विसर पडला. तेजोबाबा सध्या दुसऱ्या एका गावात बंद पडलेल्या पाण्याच्या पंपांवर उपचार करतात, आणि तिथेही रांग आहे असं ऐकतो.

त्या रांगेत तुमचं कुणी उभं असेल तर एवढंच सांगा. गाडीत दिवे मंद झाले तर वायर तपासा. जळका वास आला तर गाडीतून उतरा, मुलांना आधी उतरवा. आणि कुणी पेटी बंद ठेवायला सांगितली, तर तीच पहिल्यांदा उघडून बघा. मेलेल्या माणसाला वीज लागत नाही. आणि जिवंत माणसाच्या नावावर खापर फोडायच्या आधी, फक्त एकदा, कार्पेट उचला.