सौद्यातला हात

दुधाचा टँकर दर दोन दिवसांनी सकाळी साडेदहाला डोंगरावरच्या पेनाबेला वाडीला यायचा आणि अकरा मिनिटं थांबायचा. डेल्फिनाने ती मिनिटं मुद्दाम कधी मोजली नव्हती. गोठ्याच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि तिची नजर तिकडे जायची, एवढंच. तेवढ्या वेळात तिच्या टाकीतलं दूध नळीतून टँकरमध्ये ओढलं जायचं आणि सेनेन नावाचा टँकरवाला खोऱ्यातली सगळी खबरबात सांगून मोकळा व्हायचा. कोणाच्या गाईला जुळं झालं, कोणाचा जावई पळाला, पाद्रीबाबांनी तिसऱ्यांदा गाडी चरात कशी घातली. त्यातल्या निम्म्या तर थापाच असत. डेल्फिनाला ते कळत होतं आणि तिची काही तक्रार नव्हती.

पेनाबेलात घरं नऊ होती, पण धूर एकाच्याच धुराड्यातून निघायचा. भाऊ अवेलिनो होता तोवर निदान भांडायला माणूस होतं. दोघांनीही लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारंही आता कोणी उरलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी अवेलिनो गवत कापता कापता दम खायला म्हणून बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून सात दुभत्या गाई, एक कालवड आणि डेल्फिना. तिचं वय एकसष्ट, गुडघ्यांचं त्याहून जास्त असावं. पहाटे धारा, मग शेण, मग गाई कुरणात सोडायच्या, दुपारी कोबी-बटाट्याचं सार आणि पाव, संध्याकाळी पुन्हा धारा. ती गाईंशी बोलायची, पण त्यात फारसा राम नव्हता. मारेला नावाची थोरली गाय सगळं ऐकून घ्यायची आणि रवंथ करत राहायची.

सप्टेंबरात सेनेनने डेअरीचं पत्र आणलं. एरवी बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा मोठ्याने वाचणारा माणूस, पण हे पत्र त्याने मुकाट्याने टाकीच्या झाकणावर ठेवलं आणि नळी जोडायला गेला. पत्रात लिहिलं होतं की एक नोव्हेंबरपासून ज्या गोठ्यात फेरीला तीनशे वीस लिटर दूध भरत नाही, तिथे टँकर जाणार नाही. डेल्फिनाचं दोन दिवसांचं दूध दोनशे सत्तरच्या वर कधी गेलं नव्हतं.

सेनेन म्हणाला, की खालच्या फाट्यापासून तिच्यापर्यंत सहा किलोमीटर चढ आहे, एवढ्याशा दुधासाठी डिझेल जाळणं डेअरीला परवडत नाही. त्याने ऑफिसात सांगून पाहिलं होतं, पण त्याचं कोण ऐकणार.

"सगळे करतात तेच करा, बाई," तो म्हणाला. "दुभत्या काढून टाका आणि मांसाच्या लाल गाई घ्या. वासरं आईला पितील, तुम्ही आठपर्यंत लोळत पडा. वासरांना भावही चांगला येतोय."

सल्ला शहाणपणाचा होता. शेतकी ऑफिसातला माणूसही तेच सांगत होता, लुगो शहरात राहणारी चुलतबहीण फोनवर तेच सांगत होती आणि गुडघे तर रोजच सांगत होते. डेल्फिना काही खुळी नव्हती, तिलाही ते समजत होतं. पण लाल गाई घेतल्या की तिच्या दारात कोणी यायचंच कारण उरत नव्हतं. वासरं विकायची ती वर्षातून दोनदा. पोस्टमन पत्रं खालच्या फाट्यावरच्या पेटीत टाकायचा. पाववाला आठवड्यातून दोनदा यायचा खरा, पण कुंपणाच्या खांबाला पिशवी अडकवून, इंजिनही बंद न करता निघून जायचा. म्हणजे उरला तो सेनेन.

मग तिने मनाशी वेगळंच ठरवलं. कालवड विकायची, पदरचे थोडे घालायचे आणि भरपूर दुधाची एक गाय विकत घ्यायची. तीनशे वीस लिटर भरले की टँकर येणं भाग होतं. हे तिने कोणालाच सांगितलं नाही. गुडघे कुरकुरत असताना आणखी एक गाय घ्यायची, आणि ती कशासाठी, तर अकरा मिनिटांच्या गप्पांसाठी? लोकांनी तिला वेड्यातच काढलं असतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी गुरांचा बाजार होता. खालच्या गावचा अमादेओ आपल्या गाडीला जोडलेल्या पिंजऱ्यातून सगळ्यांची जनावरं बाजाराला न्यायचा. त्याने डेल्फिनाला आणि कालवडीला घेतलं. अमादेओ अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, तिच्या बापाचा दोस्त, आणि बाजारात त्याचा चाळीस वर्षांचा धंदा एकच, हात जुळवायचा.

तिथला सौदा हातावर चालतो. घेणारा हात पुढे करतो, विकणारा देत नाही. मग मध्यस्थ दोघांची मनगटं पकडतो आणि पंजात पंजा घालायला बघतो. विकणाऱ्याने हात हिसडून घ्यायचा, पाठ फिरवून चार पावलं चालायचं, मध्यस्थाने मागे धावायचं, पुन्हा ओढून आणायचं. असं चार-पाचदा झालं तरच भाव चढतो. ज्या वेळी हात हिसडला जात नाही, त्या वेळी सौदा पक्का. मग कागद लागत नाही की साक्षीदार. अवेलिनो असा काही झटका द्यायचा की एकदा मध्यस्थाच्या घड्याळाचा पट्टा तुटला होता. डेल्फिना मात्र कायम मागे दोर धरून उभी असायची. या खेळात तिचा स्वतःचा हात कधी पडलाच नव्हता.

कालवडीपाशी पहिल्यांदा आला तो फ्रोइलान, खोऱ्यातला सगळ्यात मोठा व्यापारी. त्याने कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले आणि म्हणाला की ही तर घेतोच, पण त्याला दुभत्या हव्या आहेत, किनाऱ्याकडच्या एका मोठ्या गोठ्यासाठी. तिच्याकडच्या सातही दिल्या तर आजच बोलू. डेल्फिना म्हणाली, त्या विकायच्या नाहीत. तो म्हणाला, सगळ्याच गोष्टी विकायच्या असतात, आकडा बोला. माणूस काही केल्या हलेना, तेव्हा त्याचं तोंड बंद करायला तिने अव्वाच्या सव्वा आकडा फेकला. आठही जनावरांचे बारा हजार युरो.

फ्रोइलान गेला नाही. "नऊ," म्हणाला आणि हात पुढे केला.

आता लोक जमले. आकडा बोलला गेला होता, म्हणजे विकणारी तयार आहे, असं सगळ्यांनी धरलं. अमादेओला तर वासच लागला असावा. गर्दीतून वाट काढत तो आला आणि त्याने डेल्फिनाचं मनगट धरलं.

"अगं पोरी, ऐक माझं," तो म्हणाला. "तुझ्या बापाला मी ओळखत होतो. तुझं वाईट व्हावं असं मी सांगेन का?"

एवढं बोलून त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ओढला नाही, नुसता धरून ठेवला आणि हळू आवाजात बोलत राहिला. तिचे गुडघे, येणारा हिवाळा, वर डोंगरात एकटीने बर्फ उपसणं. त्याचे तळवे खरखरीत आणि ऊबदार होते. डेल्फिनाला शब्द फारसे कळत नव्हते. अवेलिनोच्या मातीला लोक ओळीने येऊन हात हातात घेऊन गेले होते, त्यानंतर तिचा हात कोणी धरलाच नव्हता. चार वर्षं या हाताने नुसते सड ओढले, फावडं धरलं, पाव कापला, आणि ते तिला आत्ता या क्षणी कळत होतं. हात हिसडायला हवा, एवढं तिला आठवत होतं. आत्ता हिसडते, असं तिने दोनदा मनाशी म्हटलं. तिसऱ्या वेळी तिच्या तळव्यात फ्रोइलानचा तळवा होता आणि वर अमादेओचे दोन्ही हात.

"मधोमध," अमादेओ म्हणाला. "साडेदहा हजार. झालं."

फ्रोइलानने खिशातून कात्री काढली आणि कालवडीच्या पुठ्ठ्यावरच्या केसांत आपली खूण कातरली. गर्दीत कोणीतरी म्हणालं, बाई पक्की निघाली, फ्रोइलानला घोळात घेतलं. डेल्फिनाने तोंड उघडलंही. पण म्हणणार काय? मला विकायच्या नव्हत्या म्हणाली असती तर लोकांनी विचारलं असतं, मग हात का सोडवला नाहीस? आणि त्याचं खरं उत्तर चाळीस माणसांपुढे द्यायचं तिच्या जिवावर आलं. त्यापेक्षा गाई गेलेल्या परवडल्या.

मग रिवाजाप्रमाणे फ्रोइलानच्या खर्चाने सगळे तंबूत जेवायला बसले. तांब्याच्या हंड्यात शिजवलेला ऑक्टोपस, वर तेल आणि लाल तिखट, मातीच्या वाडग्यांतून वाइन. डेल्फिनाच्या एका बाजूला अमादेओ होता आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी बाई. सगळे तिच्याशी बोलत होते, तिला हसवत होते. तीही हसली, दोनदा वाडगा भरून घेतला. खरं सांगायचं तर त्या वर्षातली तिची ती सगळ्यात चांगली दुपार होती. आपण काय करून बसलो आहोत हे तिला परत येताना, चढ लागल्यावर कळलं.

गुरुवारी सेनेन शेवटचं दूध न्यायला आला. बाजारातली बातमी त्याला केव्हाच लागली होती. त्याने तिचं अभिनंदन केलं, शेवटी शहाणपण सुचलं म्हणाला. वर कधी आलो तर हाक मारीन, असंही म्हणाला. वर यायला आता त्याला काही कारण नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. शुक्रवारी फ्रोइलानचा ट्रक आला आणि गाई गेल्या. मारेला चढायला तयार नव्हती, तिला मागून रेटावं लागलं.

त्यानंतरही डेल्फिनाला पाचलाच जाग यायची. लाल गाई आणायच्या होत्या, पण त्या आज आणू, उद्या आणू, असं चाललं होतं. बोलायलाच कोणी नसल्याने आपला आवाज कसा आहे हेही तिला आठवेना. एका सकाळी तिने चुलीसमोर उभं राहून उगीच "हो" म्हणून पाहिलं. घसा बसला होता.

दहा दिवसांनी ती अंगावर चांगलं जाकीट चढवून सहा किलोमीटर उतरून फाट्यावर गेली. तिथे बाल्बिनाचा गोठा होता. बाल्बिनाकडे तीस काळ्या-पांढऱ्या गाई, नवरा दिवसभर ट्रॅक्टरवर, आणि जीभ अशी की पाद्रीबाबा तिच्या दारावरून वाकडी वाट करून जात. दोघी एका शाळेत होत्या, पण वर्षानुवर्षं येता-जाता नुसतं 'काय गं' एवढंच बोलणं होतं.

"गवत हवंय?" बाल्बिनाने विचारलं.

डेल्फिना नाही म्हणाली. मग कुरण भाड्याने द्यायचं असेल तर सरळ बोल, बाल्बिना म्हणाली. विकाऊ लाल गाय आहे का बघायला आले, असं डेल्फिनाने ठोकून दिलं.

"तीसच्या तीस काळ्या-पांढऱ्या उभ्या आहेत समोर. डोळे गेले की काय तुझे?"

तेवढ्यात टँकर आला. इथे दूध भरपूर, म्हणून तो अर्धा तास थांबला. सेनेन सगळा वेळ बाल्बिनाशी बोलत होता, दुधाची तपासणी, फॅटचा आकडा, कोणाचं दूध परत पाठवलं. बाल्बिना पाण्याची नळी धरून फरशी धूत हूं-हूं करत होती. डेल्फिनाला त्याने एकदाच विचारलं, "काय बाई, आराम?" ती हो म्हणाली. टँकर वळणाआड गेला.

"गेला तो," बाल्बिना म्हणाली. "आता सांग, काय हवंय तुला?"

निघून जाता आलं असतं. चांगलं जाकीट होतं, बाजारहाटाला निघाले होते म्हणून सांगता आलं असतं.

"काही नको," डेल्फिना म्हणाली. "घरी बोलायला कोणी नाही, म्हणून आले."

बाल्बिनाच्या हातातली नळी एकाच जागी पाणी सोडत राहिली.

"मग गाई कशाला विकल्यास? निदान टँकर तरी यायचा."

"विकायच्या नव्हत्या."

"अख्ख्या बाजाराने पाहिलंय, हात दिलास तू."

"दिला नाही. अमादेओकाकांनी धरला होता." डेल्फिनाने फरशीकडे पाहिलं. "बरं वाटत होतं गं. सोडवावासा वाटेना."

बाल्बिना हसणार होती, ओठ तसे झालेही होते. पण ती हसली नाही. तिने जाऊन नळ बंद केला, ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले.

"आत ये," शेवटी ती म्हणाली. "पोतंभर बटाटे पडलेत सोलायचे."

दोघी स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलत होत्या. बाल्बिना नवऱ्याला, सुनेला आणि डेअरीला शिव्या घालत होती, डेल्फिना मधून मधून हूं म्हणत होती, आणि एकदा तिने स्वतःहून अवेलिनोच्या स्वभावाबद्दल काही सांगितलं. बाराच्या सुमारास ती निघाली.

"परवा ये," बाल्बिना दारातून म्हणाली. "पण टँकरच्या आधी ये. तो आला की मला तोंड उघडू देत नाही, मेला."

डेल्फिना हो म्हणाली. मग ती चढाला लागली. वर पोहोचेपर्यंत सहा किलोमीटर होते, आणि त्यापुढे परवापर्यंत बोलायला कोणीच नव्हतं.