छातीत पाय

मरूसोच्या उजव्या गुडघ्याने दोन वर्षांपूर्वी संप पुकारला आणि तेव्हापासून समुद्र तिच्या घरापासून लांब गेला. तसा तो होता तिथेच होता, बाल्कनीच्या खाली. ओबडधोबड दगडी पायऱ्या उतरल्या की पाण्यात पाय. पण त्या मेल्या पायऱ्याच तर वैरी झाल्या होत्या!

तिच्या ग्रीक गावात उन्हाळा लागला की म्हाताऱ्या बायका गवती टोप्या घालून सकाळीच गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभ्या राहतात, त्या जेवणवेळेपर्यंत बाहेर येत नाहीत. पोहणं आपलं नावाला. खरं काम गप्पांचं. कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाच्या नवऱ्याने काय केलं नाही, सगळं तिथे धुऊन निघतं. मरूसो आता एकाहत्तर वर्षांची. लग्न होऊन गावात आल्यापासून तिने ह्या बैठकीला कधी दांडी मारली नव्हती. बाळंतपणाचे दिवस सोडा. आणि आता दोन उन्हाळे ती बाल्कनीत शेंगा मोडत बसली होती आणि खाली तीन टोप्या पाण्यावर डुलताना बघत होती. पूर्वी पाच असायच्या. एक तिची स्वतःची, ती कपाटावर धूळ खात होती. एक एर्मिओनीची, ती बिचारी गुडघ्याने संप पुकारला त्याच हिवाळ्यात गेली. आणखी एक उन्हाळा हुकला तर खाली कोण उरेल, हे मनात आलं की ती टोप्या पुन्हा मोजायची. आणि त्याहून वाईट म्हणजे तिचा जळफळाट व्हायचा. मी इथे शेंगा मोडतेय आणि ह्या भवान्या तिथे माझ्याविना मजा करतायत!

गुडघा बदलायचा नंबर आता कुठे लागला होता. ऑपरेशन पुढच्या सोमवारी. पण त्याआधी आजच्या आज सगळ्या तपासण्या व्हायला हव्यात: रक्त, कार्डिओग्राम, छातीचा एक्स-रे. शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंची सही. सही मिळाली नाही तर नंबर दुसऱ्याला जाणार आणि मरूसो पुन्हा रांगेच्या शेपटाला.

सोबत आली होती लेमोनिया. शेजारीण, मैत्रीण, आणि त्या तीन टोप्यांमधली सगळ्यात मोठी टोपी. रक्त देऊन झालं तरी मरूसोने तोंडात कण घेतला नव्हता. सही मिळेपर्यंत खाणार नाही म्हणून हटून बसली होती. लेमोनियाने मात्र इस्पितळाच्या बाकावर बसून चीज भरलेली खारी काढली आणि खुशाल खायला लागली.

"काय गं ही!" मरूसो म्हणाली. "इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुझं तोंड चालू."

"तुझ्यासाठीच खातेय बाई. तू चक्कर येऊन पडलीस तर उचलायला कुणाच्या अंगात ताकद नको?"

मरूसोला खरंच गरगरत होतं. भुकेने असेल, नाहीतर धास्तीने. पण त्या गरगरण्यात एक गंमतही होती. सगळं हलकं हलकं वाटत होतं. कार्डिओग्रामच्या खोलीत अंगाला ते थंडगार चिमटे लावले तेव्हा तिला इतक्या गुदगुल्या झाल्या की नर्सला कागद दोनदा काढावा लागला.

मग एक्स-रे. एक्स-रे काढणारा अरिस्तोस हा टक्कल पडलेला, मिशाळ, गंभीर गृहस्थ होता.

"मावशी, अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही," तो म्हणाला आणि गाऊन देऊन बाहेर गेला.

मरूसोने गळ्यातला क्रूस काढला. कानातले काढले. केसांतल्या पिनासुद्धा काढल्या. बॉडी मात्र काढली नाही. परक्या पुरुषाच्या खोलीत बॉडी काढायला ती काय वेडी होती? आणि त्या बॉडीच्या आत, काळजाजवळ, पिनेने अडकवलेला होता तिचा नवस. पत्र्याचा चिमुकला पाय, मांडीपासून बोटांपर्यंत, मध्ये गुडघा छान उठवलेला. देवळापाशी मेणबत्त्या विकणाऱ्या दुकानातून तिने तो घेतला होता. गुडघा बरा झाला की वैद्य संत पान्देलीमोनासच्या तसबिरीवर टांगायचा, तोवर अंगावर बाळगायचा. आता तुम्ही म्हणाल, पत्रा म्हणजे धातूच की. तिच्या हे डोक्यातही आलं नाही. धातू म्हणजे दागिने. नवस कधी धातू असतो?

"श्वास घ्या. धरा. सोडा."

ती कपडे घालत होती तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून अरिस्तोसचा आवाज आला, "अरे देवा!"

ती तशीच लंगडत आत गेली. अरिस्तोस पडद्यासमोर उभा राहून छातीवर क्रूसाची खूण करत होता, एकदा नाही, तीनदा. पडद्यावर तिच्या बरगड्या होत्या, हृदय होतं, आणि हृदयाच्या अंमळ वर, दोन बरगड्यांच्या मध्ये, पांढराशुभ्र, ठळक, एक पाय होता.

"मावशी," अरिस्तोस क्षीण आवाजात म्हणाला, "तुमच्या छातीत पाय आहे."

मरूसोने पडद्याकडे बघितलं. मग हात आत घातला, चाचपला, आणि पिनेसकट नवस बाहेर काढून त्याच्या नाकासमोर धरला. मग अरिस्तोसच्या मिशा थरथरायला लागल्या, आणि तो गंभीर गृहस्थ खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. लेमोनिया धावत आली, तिने पडदा बघितला आणि भिंतीला धरून खाली बसली. कार्डिओग्रामची नर्स आली. प्लॅस्टरमधला हात गळ्यात घेतलेला एक कोळी आला. प्रत्येकाला पाय बघायचा होता.

"पण थांबा," कोळी मान वाकडी करून म्हणाला. "मावशी, ऑपरेशन कुठल्या पायाचं?"

"उजव्या."

"हा डावा आहे."

हसणं थांबलं. मरूसोने पत्र्याचा पाय उलटा धरला, सुलटा धरला.

"उजवाच आहे!" लेमोनिया म्हणाली. "बोटं बघ ना, अंगठा आतल्या बाजूला."

"आतली बाजू कुठली ते कशावरून? आपल्याकडून की संताकडून? संत समोरून बघणार," नर्स म्हणाली.

"उलट्या बाजूने अडकवला असेल तर? मग डाव्याचा उजवा होतो," अरिस्तोस म्हणाला. आता तोही भांडणात पडला होता.

"माझे माते!" मरूसो म्हणाली. "त्या दुकानदाराने मला फसवलं. संताने डावा बरा केला म्हणजे? माझा डावा तर चांगलाच आहे!"

"वैद्य आहे ना तो? मग एवढं त्याला कळेल!" लेमोनिया ओरडली.

"डॉक्टरांनासुद्धा पेनाने खूण करून ठेवावी लागते," कोळी म्हणाला. मेल्याला गप्प राहवत नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. भूल देणाऱ्या डॉक्टर कालिरोई दारात उभ्या होत्या. उंच, सडपातळ, चष्मा नाकाच्या टोकावर. चेहरा असा की माणूस भुलीशिवायच झोपावा.

"हे इस्पितळ आहे की मासळीबाजार?"

क्षणात खोली रिकामी झाली. अरिस्तोसने मुकाट्याने दुसरा एक्स-रे काढला. ह्यावेळी छातीत फक्त छातीच होती.

डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद नीट वाचले. रक्त ठीक. हृदय ठीक. फुप्फुसं ठीक. मग त्यांनी मरूसोच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा बघितला, आणि चष्मा काढला.

"एकशे नव्वद. ह्या ब्लडप्रेशरवर मी सही करणार नाही."

"अहो, ते आत्ताच्या गोंधळाने! नेहमी नसतं एवढं."

"शांत बसा. दहा मिनिटांनी पुन्हा बघू."

शांत बसा म्हटल्यावर कोण शांत बसतं? दहा मिनिटं मरूसोच्या डोळ्यांपुढे नुसत्या टोप्या नाचत होत्या. आधी तीन, मग दोन, मग एक. पुन्हा पट्टा. एकशे सत्त्याण्णव.

"आणखी एकदा बघेन, शेवटचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझाही नाइलाज आहे. टेबलावर तुम्हाला काही झालं तर?"

मरूसोचे डोळे भरून आले. इतका वेळचा हलकेपणा कुठल्या कुठे गेला. "लेमोनिया," ती पुटपुटली, "माझा हाही उन्हाळा गेला गं."

लेमोनियाने खारीचा कागद चुरगाळून पिशवीत टाकला, खुर्ची ओढून जवळ बसली आणि मरूसोचा हात हातात घेतला. "डोळे मीट. मिटलेस? आता आपण पाण्यात आहोत. पाणी गळ्याला लागलंय. ऐकतेस ना? तुला आस्पासियाचं कळलं का?"

"कुठली आस्पासिया? बेकरीवाली?"

"तीच. ईस्टरपासून तो मिल्तिआदिस रोज पहाटे तिच्या मागच्या दाराने आत जातो."

"तिकिटं विकणारा? तो ब्रह्मचारी?"

"ब्रह्मचारी म्हणे! आत जातो आणि बाहेर येतो तेव्हा हातात पाव नाही."

"काय सांगतेस!" मरूसोचे खांदे सैल झाले.

"मग पाद्रीबाबांची बायको गेली चौकशीला. पाव घ्यायच्या निमित्ताने. जाते तर काय, अंगणात दोरीवर पुरुषाचे मोजे."

"मिल्तिआदिसचे!"

"तिथेच तर सगळी गंमत आहे. मिल्तिआदिसचा पाय केवढा, तुला माहीतच आहे. होडीएवढा. आणि हे मोजे एवढे एवढेसे!"

मरूसो खुदकन हसली. तिचा श्वास संथ झाला होता. डॉक्टरीणबाईंनी हळूच पट्टा फुगवला. सुई खाली खाली आली. एकशे बासष्ट. त्यांनी आकडा लिहिला, पेन तसंच हातात धरलं, आणि खुर्ची पुढे ओढली.

"मग कुणाचे होते?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"मोजे."

लेमोनियाने त्यांच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग पेनाकडे. "आधी सही करा, डॉक्टरीणबाई."

डॉक्टर कालिरोईंनी सही केली. झोकदार, लांबलचक, शेपटासकट.

"आता सांगा."

"ऑगस्टमध्ये आमच्या गावाला या. पाण्यात उतरलात की सांगते," लेमोनिया म्हणाली आणि मरूसोच्या काखेत हात घालून जवळजवळ पळतच बाहेर पडली. पळत म्हणजे एका चांगल्या पायावर जेवढं पळता येतं तेवढं.

परतीच्या बसमध्ये मरूसोने पिशवीतली दुसरी खारी अख्खी संपवली. मग बोटं चाटली आणि पोटभर हसली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा आठवून हसली, अरिस्तोसचे क्रूस आठवून हसली. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला.

"आता मला तरी सांग," शेवटी ती डोळे पुसत म्हणाली. "मोजे कुणाचे होते?"

"मला काय माहीत?" लेमोनिया म्हणाली. "अजून ठरवलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? रचलं सगळं. आस्पासियाच्या मागच्या दाराने मांजरसुद्धा जात नाही. तुझा आकडा खाली येईना, मग काय करणार? तू सांगायचीस ना पाण्यात, तसं सांगून बघितलं. इतकी घाबरले होते, पाद्रीबाबांच्या बायकोपाशी अडकलेच होते जवळजवळ."

मरूसो तिच्याकडे वळली. "पण तुम्ही तर रोज असल्याच गप्पा मारता. मी वरून बघते ना. दुपार झाली तरी बाहेर येत नाही."

"टोप्या बघतेस. तोंडं दिसतात का तुला वरून?" लेमोनिया खिडकीबाहेर बघत म्हणाली. "एर्मिओनी गेली. तू वर. आम्ही तिघी आपल्या उभ्या राहतो. कुणी म्हणतं, पाणी गार आहे. कुणी म्हणतं, हो, गार आहे. झालं. मग तशाच उभ्या. घरी जाऊन तरी काय करायचं?"

दोन उन्हाळे. दोन उन्हाळे ती बाल्कनीत जळत बसली होती, आणि ह्या बाया खाली मुक्याने उभ्या होत्या! मरूसोला रडू आलं आणि रडता रडता हसूही आलं. तिने लेमोनियाच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"अगं बाई, मग तूच का नाही बोलायला सुरुवात केलीस?"

"कशाला?" लेमोनिया दंड चोळत म्हणाली. "ऐकायला तू नव्हतीस. उगाच तोंडात खारं पाणी जातं."