तेरा शनिवार आणि दुसरं हेल्मेट

विक्रम दर शनिवारी दोन हेल्मेटं घेऊन बोईसरला इंग्रजीच्या क्लासला यायचा. दुसरं स्वरासाठी. ती बोईसरलाच औषध कंपनीच्या लॅबमध्ये कामाला, राहायला पालघरला. "चल, सोडतो," एवढंच म्हणायचं होतं. पण तेरा शनिवार ते शब्द काही घशाबाहेर आले नाहीत, आणि दर वेळी क्लासमधल्या नवापूरच्या गोदूमावशीच ते हेल्मेट घालून, आपली रिकामी मासळीची पाटी सावरत मागे बसून मोकळ्या झाल्या. आज क्लासचा शेवटचा दिवस. आज नाही तर कधीच नाही, हे विक्रमला पक्कं ठाऊक होतं.

कृष्णकांत सर तारापूरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. दर शनिवारी फळ्यावर इंग्रजांच्या घरगुती बोलण्यातलं एक क्रियापद लिहायचे आणि त्याची जन्मकुंडली मांडायचे. आज लिहिलं, 'चिकन आउट'.

"म्हणजे ऐन वेळी शेपूट घालणं," सर म्हणाले. "भित्र्याला कोंबडी म्हणायची इंग्रजांची खोड शेकडो वर्षांची. 'आउट' मागाहून चिकटलं, गेल्या शतकात. ठरलेल्या गोष्टीतून घाबरून बाहेर पळायचं."

"खोटं हाय!" गोदूमावशी उठल्याच. "माजी कोंबडी पिल्लांसाठी घारीच्या अंगावर जाते. त्या इंग्रजांनी कदी कोंबडी पाळली नाय काय?"

"मग आपण कुत्र्याला का बदनाम केलंय?" मागून प्रताप ओरडला. "शेपूट त्याचंच ना!"

झालं! अर्धा वर्ग कोंबडीच्या बाजूनं, अर्धा कुत्र्याच्या. एकानं तर आरवूनही दाखवलं. सरांना हसता हसता खडू सापडेना.

"बास! आता प्रत्येकानं स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. विक्रम!"

विक्रम उभा राहिला. "आय विल... नॉट..."

"पुढे?"

"पाणी पिऊन येतो, सर."

तो माठापाशी पोचतो न पोचतो, तोच स्वरा शांतपणे उठली. "एव्हरी सॅटरडे विक्रम ब्रिंग्ज टू हेल्मेट्स. एव्हरी सॅटरडे ही चिकन्स आउट."

विक्रमला असा ठसका लागला की पाणी नाकातून आलं. वर्गानं बाकं बडवली.

"वाक्य शंभर टक्के बरोबर," सर म्हणाले.

क्लास सुटला. खाली गोदूमावशी सवयीनं पाटी घेऊन बाइकपाशी उभ्याच. चार पावलांवर स्वरा, मोबाइलमध्ये उगाचच डोकं घालून. विक्रमनं डोळे मिटले आणि एका दमात बोलून टाकलं.

"मावशी, आज रिक्षानं जाल का?"

"तेरा शनवार हेच ऐकाया बसत होते रे, पोरा!" मावशींनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो थेट स्वरापुढे जाऊन थांबला.

"चल, सोडतो," विक्रम म्हणाला. कसं सोपं होतं!

स्वरानं हेल्मेट डोक्यात घातलं आणि तसंच परत काढलं.

"बोंबील?"

"तेरा शनिवारांचा," विक्रम ओशाळून म्हणाला.

तिनं नाक चिमटीत धरलं, हेल्मेट पुन्हा चढवलं आणि मागे बसली.