गेटवर मारलेली हाक

"तो येतलो काय?" कुशाबांनी पुन्हा विचारलं.

जाईबाई नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावत होत्या. कुशाबांचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे, त्यामुळे संपाच्या वर्षापासून हे काम त्यांच्याकडेच होतं.

"माका काय माहीत? नम्रतानं बोलावलंय. आला तर येईल."

"आला तर मी नाव घेऊन सांगणार. सगळ्यांसमोर."

"सांगा," जाईबाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण भलत्याच काजात अडकवलं.

वरळीच्या बीडीडी चाळीतली त्यांची इमारत लवकरच पाडायची होती. सगळे पांगण्याआधी जुन्या माणसांनी ब्याऐंशीच्या गिरणी संपाच्या आठवणी सांगाव्यात, म्हणून त्यांच्या मुलीने, नम्रताने, रविवारी सकाळी चाळीच्या मैदानात कार्यक्रम ठेवला होता. वडिलांना न विचारताच तिने मामालाही बोलावलं होतं. मामा म्हणजे सीताराम, जाईबाईंचा धाकटा भाऊ, निवृत्त हवालदार.

गावाहून आला तेव्हा सीताराम याच खोलीत राहिला होता. कुशाबा गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत. मेव्हणा पोलीसभरतीच्या धावण्यात मागे पडतो म्हणून पहाटे ते त्याला वरळी सीफेसवर पळवायला नेत आणि पायजमा खोचून स्वतःही शेजारून पळत. तो भरती झाला तेव्हा त्यांनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. मग संप सुरू झाला, आणि एके सकाळी गिरणीच्या गेटवर कुशाबा एका बाजूला होते आणि सीताराम दुसऱ्या बाजूला.

त्या सकाळी लाठीमार झाला. कुशाबांचा खांदा निखळला तो नीट बसलाच नाही. संप कधी मिटलाच नाही, गिरणीही पुन्हा मिळाली नाही. त्यांनी गिरगावातल्या एका इमारतीत लिफ्टमनची नोकरी धरली आणि उजव्या हातावर जन्म काढला. सीताराम पोलीस वसाहतीत राहायला गेला. भाऊबीजेला जाईबाई एकट्याच त्याच्याकडे जात. परत आल्यावर कुठे गेली होतीस, असं कुशाबा विचारत नसत. जेवताना भाजीत मीठ कमी असल्याचं मात्र सांगत.

मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. जाईबाईंना एका जागी बसवेना. चहा आला का बघून आल्या, गॅस बंद केलाय का ते बघायला वर खोलीत जाऊन आल्या, पुन्हा जाऊन आल्या. दुसऱ्यांदा खाली उतरल्या तर शेवटच्या रांगेत सीताराम दिसला. पांढरा शर्ट, चकचकीत बूट.

"बाय, बरी आहेस ना?"

"कशाला आलास रे?"

"नम्रता म्हणाली, मामा, तुझीपण बाजू येऊ दे. आजवर कुणी विचारलीच नव्हती."

तेवढ्यात कुशाबांच्या हातात माईक आला.

"आम्ही गेटवर बसून घोषणा देत होतो," ते म्हणाले. "हातात काठी नाही, दगड नाही. बायापण होत्या. गाडी भरून माणसं कामाला आत नेत होते, म्हणून आम्ही आडवे झालो. शिट्टी वाजली आणि पोलीस तुटून पडले. माझ्या खांद्यावर ज्याची लाठी पडली, तो माझ्या ताटात जेवलेला माणूस. हिनं ओरडून सांगितलं, 'सीतारामा, मारू नको!' तरी मारलं. तो बघा, मागे बसलाय."

सगळ्या माना वळल्या. सीताराम उठून उभा राहिला.

"दगड नव्हते, भावोजी? माझ्या शेजारच्या शिपायाचा डोळा गेला, तो काय घोषणेनं गेला?" त्याचा आवाज चढला. "लाठी मी उचलली. नाय म्हणत नाय, ऑर्डर होती. पण तुमच्यावर नाय. बायचा आवाज आला, 'सीतारामा, धाव, यांना वाचव!' म्हणून रांग सोडून धावलो. तुम्हाला ओढून गल्लीत ढकललं. रांग सोडली म्हणून साहेबानं सगळ्यांदेखत आईवरून शिवी दिली मला."

"खोटं!"

"मग तुमचं काय खरं?"

"पोलिसाला इथे बोलावलंच कुणी?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. दोघेतिघे सीतारामकडे सरकले. नम्रताने घाईघाईने माईक आईपुढे धरला.

"आई, तू होतीस ना तिथे? तू सांग. काय म्हणालीस तू?"

जाईबाईंनी माईककडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना दोघांपैकी एकानेही विचारला नव्हता. दोघांनाही उत्तर ठाऊकच होतं.

"मी म्हटलं, सीतारामा," त्या म्हणाल्या. "एवढंच. पुढे काही म्हटलंच नाही."

"मग हाक कशाला मारलीस?" नम्रताने विचारलं.

"हे खाली पडलेल्या एकाला उचलत होते. मागून लाठी येत होती. कुणाची ते दिसलं नाही, हेल्मेटात सगळे सारखेच. मला यांना सांगायचं होतं, मागे बघा. पण हाक काय मारू? एवढ्या पुरुषांत 'अहो' म्हटलं तर कोण बघणार? आणि उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. जीभच वळेना. मग जे तोंडात आलं ते ओरडले. भावाचं नाव."

जाईबाई सीतारामकडे वळल्या.

"तुला मी बोलावलं नव्हतं रे. अडवलंही नव्हतं. मी यांना हाक मारत होते."

"पण मग मारलं कुणी?" पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं.

"ते या दोघांना विचारा. मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं."

कुशाबा आपल्या खुर्चीत जाऊन बसले. सीतारामही खाली बसला. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. जाईबाईंना वाटलं होतं, बोलल्यावर छाती मोकळी होईल. तसं काही झालं नाही. त्या पुन्हा उठल्या, आणि कारण नसताना रिकामे कप गोळा करत राहिल्या.

कार्यक्रम संपल्यावर सीताराम निघाला.

"मी याला स्टॉपपर्यंत सोडून येते," जाईबाई म्हणाल्या.

"एकटी जाऊ नको," कुशाबा म्हणाले. "रस्ता खोदलाय." आणि त्यांनी चपला घातल्या.

तिघे चालत निघाले. स्टॉप समोरच्या बाजूला होता. बांधकामाचे डंपर एकामागून एक येत होते, सिग्नल बंद होता. जाईबाईंनी दोनदा पाय पुढे टाकला आणि मागे घेतला.

सीताराम रस्त्यात उतरला. पाठ ताठ करून त्याने उजवा हात वर केला. डंपर करकचून थांबला. त्याच्यामागे टॅक्सी थांबली, बस थांबली.

जाईबाई निघाल्या. कुशाबा क्षणभर फुटपाथवर उभे राहिले. मग ते त्या उचललेल्या हातासमोरून, सीतारामकडे न बघता, सावकाश रस्ता ओलांडून दुभाजकावर आले. मागे हॉर्न सुरू झाले होते. सीतारामचा हात अजून वरच होता.

दुभाजक अरुंद होता. पलीकडच्या गाड्यांवर नजर ठेवून कुशाबा थोडे पुढे सरकले. त्यांच्या मागे एका माणसापुरती जागा झाली.